टेबल गेलं, गप्पा राहिल्या

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला अट घातली. "शाळेच्या आठवणी नकोत. आठवणींचे सतरा लेख आलेत आणि त्यातल्या नऊ जणांना पहिल्या दिवशीचा पाऊसच आठवतोय. तू जरा माहितीपर लिही. इतिहास वगैरे." बाई, हा अंक तुम्हीही वाचणार हे माहीत असून मी हो म्हटलं. दहावीला इतिहासात मला सगळ्यांत कमी गुण होते. सहामाहीच्या पेपरवर तुम्ही लाल शाईने लिहिलेला शेरा मला अजून पाठ आहे : "सनावळी बरोबर, पण कारणे कुठे आहेत?"

तीस वर्षांनी कारणांसकट उत्तर लिहिते आहे. विषय मात्र पाठ्यपुस्तकातला नाही. डॅनियल ओब्रायन नावाच्या एका अमेरिकन विनोदी लेखकाच्या कारकिर्दीची ही हकिकत आहे. लिहिणं, कॅमेऱ्यापुढे काम करणं आणि पॉडकास्ट करणं ही तिन्ही कामं त्याने इंटरनेटवर केली. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याने काही बिघडत नाही. त्याच्या बाबतीत जे घडलं त्यात माझ्या पेशाचा हात आहे, आणि या गोष्टीचं एक टोक आपल्या दहावी 'ब'च्या शेवटच्या बाकापर्यंत येतं. ते शेवटी सांगते. आधी बाईंच्या पद्धतीने : पार्श्वभूमी, उदय, कारणे, परिणाम.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९५२ साली 'मॅड' नावाचं विनोदी नियतकालिक निघालं आणि तुफान चाललं. ते चाललेलं पाहून १९५८ मध्ये 'क्रॅक्ड' नावाचं दुसरं निघालं. आपल्या वाचनालयात दिवाळीनंतर 'आवाज'साठी नंबर लागायचे ते आठवतं? तो मिळाला नाही की ग्रंथपाल काका दुसरा कुठला तरी विनोदी अंक हातात ठेवायचे. 'क्रॅक्ड' म्हणजे तो दुसरा अंक. मॅड संपलं असेल तर घ्यायचा. तरीही त्या दुय्यमपणावर त्याने चाळीसहून अधिक वर्षं काढली.

२००० नंतर कागदावरचा धंदा बसला. २००५ मध्ये क्रॅक्डने इंटरनेटवर दुकान थाटलं. संपादक होता जॅक ओब्रायन. (आपल्या नायकाचा हा नातेवाईक नाही. तिकडे ओब्रायन म्हणजे आपल्याकडे पाटील.) २००७ मध्ये छापील अंक बंदच पडला. त्याच वर्षी डिमांड मीडिया नावाच्या कंपनीने क्रॅक्ड विकत घेतलं, आणि जेसन पार्जिन नावाचा माणूस संपादकांत आला. हा पार्जिन दिवसा डेटा एंट्रीचं काम करणारा. रात्री 'डेव्हिड वाँग' या टोपणनावाने तो स्वतःच्या साइटवर लिहायचा. भुताटकी आणि विनोद यांची मिसळ असलेली एक कादंबरी त्याने तिथे हप्त्याहप्त्याने, फुकट टाकली होती. पुढे त्या कादंबरीचं पुस्तक झालं आणि २०१२ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला.

क्रॅक्डचा खाक्या यादीचा होता. 'अमुक सहा शास्त्रज्ञ', 'तमुक पाच लढाया' अशी मथळ्यात संख्या आणि आत विनोद. आज या प्रकाराचा वीट आलाय, पण तेव्हा त्यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे विनोदाखाली माहिती खरी असावी लागे. दावा केला की आधार द्यायचा. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कुणीही कल्पना पाठवावी, तिथल्या संपादकांनी आणि जुन्या लेखकांनी ती सगळ्यांसमोर फाडावी, लेखकाने पुन्हा लिहावी आणि ती छापली गेली तर पैसे घ्यावेत. ना कुणाची ओळख लागायची, ना पदवी.

मला हे सगळं कळलं २०१० मध्ये. कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं होतं आणि माझी पाळी रात्रीच्या डिप्लॉयमेंटची असायची. एक बटण दाबायचं आणि चाळीस मिनिटं वाट पाहायची. बाहेर गुडघाभर बर्फ, ऑफिसात मी आणि एक सुरक्षारक्षक. त्या चाळीस मिनिटांत मी क्रॅक्ड वाचायला लागले. बाई, मी इतिहास तिथे शिकले, हे लाजत कबूल करते.

उदय

डॅनियल ओब्रायन न्यू जर्सीचाच. क्रॅक्डच्या साइटचे पहिले दिवस चालू असताना, विशी ओलांडता ओलांडता तो तिथे आला आणि सदर लिहू लागला. सदरातला 'मी' घाबरट, आढ्यतेखोर आणि सतत तोंडावर पडणारा. विनोद स्वतःवर घ्यायचा हा नियम आपल्याला नवा नाही, पण तेव्हाच्या इंटरनेटवर तो दुर्मीळ होता. तिथला बहुतेक विनोद दुसऱ्याच्या थोबाडीत मारण्याचा होता.

मग व्हिडिओ आले. मायकेल स्वेम नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने 'एजंट्स ऑफ क्रॅक्ड' ही छोट्या भागांची मालिका केली. दोघे त्याच ऑफिसातले दोन कर्मचारी : स्वेम वेडगळ आणि धोकादायक, ओब्रायन त्याला आवरताना रडकुंडीला आलेला. आपल्या तमाशात सरदार आणि सोंगाड्या असतात ना, तीच जोडी, फक्त टाय बांधलेली.

पण क्रॅक्डची खरी ओळख झाली ती २०१० मध्ये सुरू झालेल्या 'आफ्टर अवर्स'मुळे. त्यात करायचं काहीच नाही. रात्रीची वेळ, अमेरिकेत असतं तसं साधं खाणावळवजा हॉटेल, एक टेबल आणि भोवती चार मित्र : ओब्रायन, स्वेम, सोरेन बोवी आणि केटी विलर्ट. चौघे एखाद्या सिनेमावर हिरिरीने वाद घालतात. बॅटमॅनमुळे त्याच्या शहराचं भलं होतं की वाटोळं? 'बॅक टू द फ्यूचर' हा कौटुंबिक सिनेमा आहे की नीट पाहिला तर अंगावर काटा आणणारा? वाद बिनमहत्त्वाचे, पण युक्तिवाद वकिलाला लाजवतील असे. एब एपर्सनच्या दिग्दर्शनाखाली हे सात वर्षं चाललं.

मी पाहिलेला पहिला भाग कुठला ते आठवत नाही, पण पाहताना काय वाटलं ते पक्कं आठवतं. प्रीतिसंगमावर भेळ खाऊन झाल्यावरसुद्धा कागद हातात धरून आपण तासभर भांडायचो. तेंडुलकरने सलामीला यावं की चौथ्या नंबरला. 'हम आपके हैं कौन'मधला कुत्रा माणसांपेक्षा हुशार का. कृष्णा आणि कोयना भेटतात तिथून पुढच्या पाण्याला कृष्णाच का म्हणायचं, कोयनेने काय घोडं मारलंय. परक्या देशात रात्री अडीच वाजता मी चार अनोळखी अमेरिकनांना तेच करताना पाहत होते.

याच काळात ओब्रायनने 'ऑब्सेसिव्ह पॉप कल्चर डिसऑर्डर' ही एकट्याने सादर करायची मालिका केली आणि २०१४ मध्ये त्याचं 'हाऊ टू फाइट प्रेसिडेंट्स' हे पुस्तक आलं. अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांशी मारामारी करायची वेळ आली तर काय करावं, असा त्याचा विषय. हयात अध्यक्ष त्यात घेतलेले नाहीत, त्यामागे शहाणपण उघड आहे. कल्पना पोरकट, पण ती पेलण्यासाठी लागणारा इतिहास भक्कम. १८३५ मध्ये अँड्र्यू जॅक्सनवर एकाने दोन पिस्तुलं रोखली, दोन्ही फुसकी निघाली आणि सदुसष्ट वर्षांच्या जॅक्सनने हातातल्या काठीने त्यालाच झोडपलं. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्टला छातीत गोळी लागली आणि ती तशीच घेऊन त्याने आधी ठरलेलं भाषण पुरं केलं. हसवत हसवत तो वाचकाला चाळीसेक अध्यक्ष पाठ करून घेतो. बाई, तुमच्या हाती हे पुस्तक असतं तर आमचे गुण वाढले असते, असं म्हणायचा मोह होतो. पण तुमच्याकडे अफझलखान होता, तक्रार करता येत नाही.

कारणे

आता लाल शाईची जागा आली.

क्रॅक्ड वाचकाकडून पैसे घेत नव्हतं. पैसे जाहिरातदार देत होते आणि ते नजरा मोजून देत होते. डिमांड मीडिया ही कंपनीच मुळात त्या गणितावर उभी होती. लोक गुगलवर काय शोधतात ते पाहायचं आणि त्याची उत्तरं स्वस्तात, ढिगाने लिहून घ्यायची. २०११ च्या जानेवारीत ती शेअर बाजारात आली तेव्हा तिची किंमत दीड अब्ज डॉलरच्या वर गेली. फेब्रुवारीत गुगलने आपली क्रमवारीची पद्धत बदलली, आणि अशा ढिगाऱ्यांची घसरण सुरू झाली. तिच्या साइट्समध्ये क्रॅक्ड वेगळं होतं, त्याला नावाने येणारे वाचक होते. पण घर एकच, आणि वासे फिरले होते. २०१६ मध्ये डिमांड मीडियाने क्रॅक्ड ३.९ कोटी डॉलरला स्क्रिप्स या जुन्या वृत्तपत्र आणि टीव्हीवाल्या कंपनीला विकलं.

त्याच सुमारास सगळ्या माध्यम कंपन्यांना एकच वेड लागलं : व्हिडिओ. लोक वाचत नाहीत, बघतात, आकडे तसं सांगतात, असं जो तो म्हणू लागला. लेखक काढा, कॅमेरे घ्या. आणि इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागतं.

२०१४ मध्ये मी पुण्यात परतले होते. ज्या कंपनीत होते तिचं नाव घेत नाही. आमचं काम होतं परदेशी ग्राहकाच्या व्हिडिओ जाहिरातींचे अहवाल बनवणं. किती जणांनी पाहिलं, सरासरी किती वेळ पाहिलं. 'पाहिलं' म्हणजे काय, तर तीन सेकंद थांबला की पाहिलं. ही व्याख्या ग्राहकाची, तिची ओळ लिहिणारी मी.

गणिताचे सर आज समोर बसले असतील, म्हणून उदाहरण फळ्यावर मांडल्यासारखं मांडते. साठ सेकंदांचा व्हिडिओ आहे. दहा जणांच्या पडद्यावर आला. आठ जण एका सेकंदात पुढे गेले, दोघांनी पूर्ण पाहिला. एकूण वेळ किती? आठ अधिक एकशेवीस, म्हणजे १२८ सेकंद. भागिले दहा. सरासरी पावणेतेरा सेकंदांच्या आसपास. पण आमच्या व्याख्येने ते आठ जण प्रेक्षकच नाहीत. त्यांचे सेकंद वर बेरजेत राहिले, माणसं मात्र खाली भाजकातून गेली. १२८ भागिले दोन. सरासरी ६४ सेकंद.

साठ सेकंदांचा व्हिडिओ लोक सरासरी चौसष्ट सेकंद पाहतात! असा एक आकडा मी खरोखर एका अहवालात पाहिला. वरिष्ठांना दाखवला. "छोट्या व्हिडिओंनाच होतं ते, साठच्या वर गेला तर साठ दाखव," असं उत्तर मिळालं. मी साठ दाखवला. सर, तुम्ही आठवीत सांगितलं होतं की सरासरी काढताना भाजकातून कुणाला हाकलायचं नाही. मला ते आठवत होतं. गृहकर्जाचा हप्ताही आठवत होता. मी गप्प बसले.

सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने जाहीरपणे कबूल केलं की गेली दोन वर्षं त्यांनी व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ चुकीचा, वाढवून दाखवला होता. चूक नेमकी हीच : तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भाजकातून वगळलं होतं. आकडा साठ ते ऐंशी टक्क्यांनी फुगलेला असू शकतो, असं एका मोठ्या जाहिरात समूहाला कळवण्यात आलं. जाहिरातदार कोर्टात गेले. २०१९ मध्ये फेसबुकने चूक मान्य न करता चार कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला. माझी कंपनी वेगळी होती, ग्राहक वेगळा होता. पण ती बातमी वाचताना माझे कान गरम झाले.

या एका चुकीने क्रॅक्ड बुडालं असं मी म्हणणार नाही. ते सोपं होईल आणि खोटंही. 'आफ्टर अवर्स' मुख्यतः यूट्यूबवर चालायचं. जाहिरातीचे पैसे गुगल आणि फेसबुक या दोघांकडेच गोळा होत होते, उरलेल्यात बाकीचे सगळे भांडत होते. चांगला व्हिडिओ बनवायला लेखक, नट, कॅमेरा, संकलन असा लवाजमा लागतो, आणि तो पैसा तीन सेकंदांच्या नजरांतून वसूल होत नाही. मूळ कारण मला असं दिसतं : ज्यांनी पैसे घातले त्यांना आकडा दिसत होता, टेबल दिसत नव्हतं. दोन जण पूर्ण साठ सेकंद थांबले, तर ते का थांबले? दर वेळी तेच दोघे येतात का? चौघांपैकी एक उठून गेला तर ते येतील का? हा प्रश्न विचारणारा रकाना मी बनवलेल्या एकाही अहवालात नव्हता.

डिसेंबर २०१७ मध्ये स्क्रिप्सने क्रॅक्डचा जवळजवळ सगळा व्हिडिओ विभाग आणि बरेचसे लेखक-संपादक एका फटक्यात काढून टाकले. दहा वर्षं तिथे काढलेला ओब्रायनही त्यात होता. 'आफ्टर अवर्स' हे नाव, जुने भाग, ते टेबल, सगळी मालमत्ता कंपनीची. माणसं बाहेर, काम आत.

परिणाम

इथे इतिहासाची पुस्तकं सहसा 'अशा रीतीने अस्त झाला' असं लिहून मोकळी होतात. या प्रकरणात अस्ताच्या नंतरचा भागच पाहण्यासारखा आहे.

ओब्रायनला २०१८ मध्ये जॉन ऑलिव्हरच्या 'लास्ट वीक टुनाइट' या कार्यक्रमाच्या लेखकांत जागा मिळाली. रविवारी रात्री एचबीओवर लागणारा हा कार्यक्रम एकच रूक्ष विषय घेतो, धरणांची दुरुस्ती, कर्जवसुली, तुरुंगातलं आरोग्य वगैरे, आणि वीसेक मिनिटं त्याचा आधारासकट, हसवत समाचार घेतो. जरा थांबून पाहा : दावा केला की आधार द्यायचा आणि मग विनोद करायचा. हे त्याला शिकवलं कुणी? याद्यांच्या त्या साइटने. एचबीओ जाहिराती घेत नाही, प्रेक्षकाच्या वर्गणीवर चालतं, त्यामुळे तीन सेकंदांचं कोडंच तिथे नाही. त्या लेखकवर्गाला एमी पुरस्कार वर्षामागून वर्षं मिळत गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये लेखनाचा एमी स्वीकारून मंचावर बोलला तो ओब्रायन. राजकीय विनोद करणाऱ्या सगळ्या लेखकांना त्याने त्यात वाटेकरी करून घेतलं, आणि असे कार्यक्रम अजून चालू दिले जाताहेत तोवर, अशी बारीक चिमटाही काढली.

बाकीचे कुठे गेले? सोरेन बोवी 'अमेरिकन डॅड' या मालिकेचा लेखक झाला. स्वेम आणि एपर्सन यांनी 'स्मॉल बीन्स' नावाने पॉडकास्ट सुरू केले. कोडी जॉन्स्टन आणि केटी स्टोल यांनी 'सम मोअर न्यूज' काढलं. नावातलं ते 'मोअर' म्हणजे क्रॅक्डमधल्या जुन्या 'सम न्यूज'ची खूण. रॉबर्ट इव्हान्सने २०१८ मध्ये इतिहासातल्या नीच माणसांवर 'बिहाइंड द बास्टर्ड्स' हा पॉडकास्ट सुरू केला, तो आज जगभर ऐकला जातो. जॅक ओब्रायन आधीच बाहेर पडून पॉडकास्टकडे वळला होता. आणि आपला डॅनियल न्यूयॉर्कमधून व बोवी लॉस एंजेलिसमधून 'क्विक क्वेश्चन' नावाचा पॉडकास्ट करतात. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मग तासभर विषय सोडून बोलायचं. टेबल कंपनीने ठेवून घेतलं. गप्पा तिच्या मालकीच्या नव्हत्याच.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. इतिहासात राजाचं नाव येतं, तोफा ओढणाऱ्याचं येत नाही. त्या विभागात कॅमेरावाले होते, संकलक होते, ज्यांच्या नावाने कुणी वाचक येत नव्हता. त्यांना डिसेंबरात नोकरी शोधावी लागली, तेवढंच.

हे सगळे पॉडकास्टकडेच का वळले, याचं एक तांत्रिक कारण आहे आणि ते सांगण्याचा मला हक्क आहे. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये छापून आला, २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये त्याची सोय केली. त्याच्या मुळाशी आरएसएस नावाची एक साधी मजकुराची फाईल असते : भागांची यादी, प्रत्येकाचा पत्ता. श्रोत्याने एकदा नाव नोंदवलं की त्याचा फोन स्वतःहून त्या फाईलकडे जातो आणि नवीन भाग आहे का पाहतो. कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारा मधला माणूस त्यात नाही. रतीब म्हणा ना. गवळी ओळखीचा, घर ओळखीचं. आणि पैशांसाठी २०१३ पासून पॅट्रिऑन आहे, म्हणजे महिन्याची वर्गणी. गणपतीला देतो तशी. पन्नास लाख नजरा नसल्या तरी चालतात. नावाने येणारे काही हजार जण महिन्याला थोडे पैसे देतात आणि चूल पेटते.

सारांश, बाई, एका वाक्यात : विनोदाचा प्रेक्षक मोजता येतो, पण तो का बसून राहिला हे मोजता येत नाही, आणि ज्यांनी मोजता येण्याजोगंच खरं मानलं त्यांच्या हातात शेवटी रिकामं टेबल राहिलं.

टीप

आता ते दहावी 'ब'चं टोक.

१९९५ च्या हस्तलिखिताची मी सहसंपादक होते. लेखनगुण म्हणून नव्हे, अक्षर बरं म्हणून. आपल्यातल्या एकाने (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो आहे आणि आत्ता मान खाली घालून चप्पल शोधल्याचं नाटक करतो आहे) 'कवायत' नावाचा लेख दिला होता. चार पानं. पी.टी.च्या तासाला 'सावधान' आणि 'विश्राम' यांच्यामध्ये माणसाच्या मनात काय काय येतं, त्याचं धावतं वर्णन. मी तो काढला आणि त्या जागी पर्यावरणाचा निबंध घातला. तपासणीला साहेब येणार होते. "हे कोण वाचणार?" असं मी त्याला म्हटलं. अगदी याच शब्दांत.

त्याने वाद घातला नाही. पानं घेतली आणि मागच्या बाकावर दिली. दोन दिवसांनी ती मुलींच्या रांगेतून माझ्याकडे आली, भाजीचे डाग पडलेली, घडीवर फाटलेली. वर्गातल्या प्रत्येकाने वाचली होती. हस्तलिखित साहेबांनी पाच मिनिटं चाळलं आणि ते कपाटात गेलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला चुकलेला अहवाल.

तो पुढे लिहायचा थांबला. माझ्यामुळे, असा मोठेपणा घेत नाही. वडील गेले, खत-बियाण्यांचं दुकान अंगावर आलं. पण २०२० च्या टाळेबंदीत आपल्या ग्रुपवर त्याचा पहिला व्हॉइस मेसेज आला, आठवतो? "दहावी ब, हजर?" आणि पुढे तीन मिनिटं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला. मग रोज रात्री साडेनऊला. ग्रुपमध्ये आपण एक्केचाळीस जण. मी अहवाल केला असता तर लिहिलं असतं : श्रोते ४१, वाढ शून्य, बंद करण्याची शिफारस.

२०२१ च्या मे महिन्यात आपल्यातली एक जण अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. आपण कुणी तिला भेटू शकत नव्हतो. रोज रात्री त्याचा मेसेज पडला की तिचं एक अक्षरी नव्हे, पण एक शब्दी उत्तर यायचं : "हजर." आठव्या रात्री ते आलं नाही. एक्केचाळीस जणांपैकी कुणीही काही लिहिलं नाही, पण निळ्या खुणा पाहिल्या तर कळायचं की सगळे जागे आहेत. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी आलं. ती आज हॉलमध्ये आहे. तिला विचारा, त्या व्हिडिओला किती व्ह्यूज मिळाले असते.

मी त्याला 'कवायत' या स्मरणिकेसाठी मागितली. "ती चार पानं कधीच हरवली," म्हणाला. मेसेज? "फोन बदलला, गेले सगळे." इतक्या साध्या रीतीने इतिहास नाहीसा होतो, बाई, लढाई वगैरे लागत नाही.

माझ्या जुन्या फोनवर सदतीस मेसेज सापडले. ते मी उतरवून, तारखा लावून ठेवले आहेत. बाकीचे तुमच्याकडे असतील : ड्रॉवरमध्ये पडलेल्या, काच तडकलेल्या, मुलांना खेळायला दिलेल्या फोनांमध्ये. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी दाराजवळच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसणार आहे. येताना जुने फोन आणा, चालू होत नसले तरी आणा. सगळ्या प्रकारचे चार्जर मी आणते आहे.

आणि तू. तीस वर्षं उशीर झाला, पण ते वाक्य मी मागे घेते. त्या टेबलापाशी एक कोरी फुलस्केप वही ठेवलेली असेल. पानांची मर्यादा नाही.